जुलैचा पाऊस फेब्रुवारीत

...नाही, मी म्हणतो, जुलैचा पाऊस फेब्रुवारीत पडतोच कसा? तुम्हीच सांगा. म्हणजे तुम्ही तरी कुठून सांगणार, पण मी अडतीस वर्षं सरकारी मृदा खात्यात काढली, मातीवर डॉक्टरेट केली, तीसुद्धा सगळ्या मातीवर नाही, चार इंच जाडीच्या एका थरावर, आणि तो थरसुद्धा मला पूर्ण कळला असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही, पण एवढं मला नक्की ठाऊक आहे की आमच्या मॅलीत, पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यातल्या या कोरड्या गव्हाच्या मुलखात, फेब्रुवारीत पाऊस नसतो. फेब्रुवारीत आमच्याकडे माश्या असतात. आणि त्या पडद्यावर काय दिसतंय? एकोणीसशे छप्पन, फेब्रुवारी, तीनशे दहा पॉइंट! पॉइंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. सरकारनं मिलिमीटर आणून पन्नास वर्षं झाली, पण आमच्याकडच्या आभाळाला अजून कुणी ते कळवलेलं नाही. तर फेब्रुवारीत तीन इंचांवर पाऊस, आणि खाली जुलै कोरडा ठणठणीत. आणि या सगळ्याच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलंय, 'वा! आता थोडंच उरलंय!'

काय उरलंय? माझं आयुष्य?

थांबा, मी मधूनच सुरू केलं. माझं असंच होतं. मर्ल, माझी बायको, म्हणते, तू गोष्ट सांगायला लागलास की ऐकणाऱ्याला आधी नकाशा द्यावा लागतो. तर नकाशा असा. माझा एक मित्र आहे, ॲथल हेन्शकी. आमच्यापासून पाच किलोमीटरवर त्याचं शेत, गव्हाचं. एकोणीसशे एकतीस साली त्याच्या बापानं, म्हाताऱ्या ब्रूनोनं, कुंपणापाशी पाऊस मोजायचं माप बसवलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी नऊ वाजता हेन्शकी घरातला कुणीतरी तिथे जाऊन बघतो आणि वहीत लिहितो. रोज म्हणजे रोज. घरात बाळंतपण असो, दारात मयत असो, नऊ वाजता माणूस कुंपणापाशी. ॲथल स्वतःच्या लग्नाला पाऊण तास उशिरा पोचला, कारण रात्री सात पॉइंट पडला होता आणि तो सात आहे की आठ यावर बापलेकांचं एकमत होईना. नवरी लॉइस तिकडे चर्चच्या दारात, डोक्यावर ओढणी घेऊन उभी. तिनं अजून माफ केलेलं नाही. साठ वर्षं झाली.

तर अशा त्र्याण्णव वर्षांच्या वह्या. पाच वह्या, सुतळीनं बांधलेल्या. दोन वर्षांमागे ॲथल त्या घेऊन माझ्याकडे आला, टेबलावर आपटल्या आणि म्हणाला, "घे. मला आता दिसत नाहीत. शेकोटीत घालायच्या असतील तर आधी सांग, मी सुतळी काढून घेईन."

त्याचे डोळे गेलेत हो. म्हणजे सगळे नाही. मधला भाग गेला, कडा शिल्लक आहेत. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. "तुझ्या बाबतीत ही सोयच झाली," म्हणाला. आणि शहरातल्या डॉक्टरनं सांगितलंय की यंदाच्या सुगीपर्यंत कडाही जातील. आता तुम्ही म्हणाल, ऐकायची सोय असते की, यंत्र वाचून दाखवतं. मीही म्हटलं. तर म्हणतो, ऐकीव पाऊस शेजाऱ्याचा असतो. बाबांचे आकडे मला दिसले पाहिजेत. तेही पुस्तकात. त्याच्या मुलीनं त्याला एक टॅब दिलाय, त्यावर अक्षर लिंबाएवढं केलं की मान वाकडी करून, कोंबडी बघते तसं बघून, त्याला वाचता येतं.

म्हणून ई-बुक. नाहीतर मला या वयात काय पडली होती? त्या पावसाचं पुढे आमच्या मातीत काय होतं, यावर मी पुस्तक लिहिलं, 'नऊ वाजताचा पाऊस', आणि ते सुगीच्या आत ॲथलनं वाचायचं. एका माणसानं. बाकीच्या जगानं नाही वाचलं तरी माझी तक्रार नव्हती. मर्ल म्हणाली, "तेवढं तर जग करेलच."

आता मला सांगा, एका माणसानं वाचायचं पुस्तक काढायला किती वेळ लागावा?

लिहायला मला वर्ष लागलं. ते सोडा. लिहिणं सोपं असतं. मी बसलो, कोष्टक केलं. आडवे बारा महिने, उभी त्र्याण्णव वर्षं, एकूण अकराशे सोळा आकडे, आणि प्रत्येक आकडा आपल्या महिन्याखाली नीट सरळ उभा. कसा उभा केला? स्पेसबार दाबून! टाइपरायटरवर आयुष्यभर तसंच केलं, कुणी कधी हरकत घेतली नाही. दोन आकड्यांमध्ये नऊ रिकाम्या जागा, एकअंकी असला तर दहा. माझ्या पडद्यावर काय सुंदर दिसत होतं! पेरणीनंतरच्या शेतासारखं. मी मर्लला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "सरळ आहे." आमच्याकडे ही मोठी दाद आहे.

मग ते त्या दुकानात चढवलं. ई-पुस्तकांचं ते दुकान, कुठे आहे देव जाणे, त्याला दारच नाही, नुसती पट्टी आहे. 'वा! आता थोडंच उरलंय!' आणि अक्षर लिंबाएवढं करून बघतो तो सगळी रांग फुटलेली, आकडे मिळेल त्या वाटेनं खाली घरंगळलेले, फाटक उघडं राहिल्यावर मेंढ्या सुटतात तसे. जुलै फेब्रुवारीत, मे डिसेंबरात. एकोणीसशे त्रेसष्टला तर तेरावा महिना आला होता.

म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. माझा पहिला विचार नेहमी हाच असतो. तो बहुतेक वेळा बरोबर निघतो, ही आणखी एक अडचण.

गेलो वाचनालयात. दर मंगळवारी तिथे नोएलीन बसते, म्हाताऱ्यांना यंत्रं शिकवायला. ती स्वतः अठ्ठ्याहत्तर. पूर्वी मेंढ्यांचे खूर तपासायच्या नोकरीत होती, आणि अजून माणसाकडेही तसंच बघते, आधी उचलून खालून. तिनं माझं हस्तलिखित उघडलं आणि एक कसलंतरी बटण दाबलं. तर पानभर ठिपके! मुंग्यांची वारुळं फुटल्यासारखे. प्रत्येक रिकाम्या जागेचा एक ठिपका.

"हे काय आहे, एल्विन?"

म्हटलं, "रिकामी जागा."

"एवढी?"

"कोष्टक आहे ना."

तिनं आणखी दोन पानं खाली सरकवून बघितली. मग म्हणाली, "तू डॉक्टर आहेस ना?"

"मातीचा."

"तरीच."

मग तिनं मला समजावलं, आणि मला ते मातीच्याच भाषेत कळलं. कागदाचं पान म्हणजे चिकणमाती. ठेवलं तिथे राहतं. ई-बुकचं पान म्हणजे वाळू. अक्षर मोठं केलं की सगळं सरकतं, वाहतं, आकार धरतच नाही. आणि मी वाळूवर स्पेसबारनं बांध घालत होतो. अडतीस वर्षं! अडतीस वर्षं मी शेतकऱ्यांना वाळूवर बांध घालू नका म्हणून सांगत हिंडलो.

बरं. तर दहा हजारांवर ठिपके पुसले. मग नोएलीननं खरं कोष्टक घालायला शिकवलं, रेघांचं, चौकटींचं. घातलं. चढवलं. 'वा! आता थोडंच उरलंय!' लिंबाएवढं अक्षर केलं. जानेवारी दिसतोय, फेब्रुवारी दिसतोय, मार्च अर्धा दिसतोय, आणि बाकीचं वर्ष पडद्याच्या बाहेर! अहो, आमचा पाऊस मे ते ऑक्टोबर. म्हणजे जे काय थोडंफार पडतं ते नेमकं बाहेर पडलेलं, आणि आत त्र्याण्णव वर्षं सलग दुष्काळ. हे पुस्तक पाहून कुणीही म्हणेल की हेन्शकी घराणं वेडं होतं, रोज सकाळी नऊ वाजता जाऊन रिकामं भांडं बघत होतं.

मग कुणीतरी सांगितलं, कोष्टकाचं चित्र करून टाका, चित्र सरकत नाही. केलं चित्र. सरकलं नाही, हे खरं. पण वाढलंही नाही! ताणून मोठं केलं तर धुक्यात काळ्या मेंढ्या उभ्या आहेत असं दिसायला लागलं. मी माझ्या धडधाकट डोळ्यांनी, म्हणजे दोन्हीत मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी, वाचू शकलो नाही, तिथे ॲथल काय वाचणार? आणि पट्टी काय म्हणतेय? बरोबर. तुम्हालाही पाठ झालं ना? मला झोपेत दिसते ती.

आणि अजून तळटिपांचं सांगितलंच नाही. चारशे सहा तळटिपा. माझा स्वभावच तसा. एक वाक्य लिहिलं की मला वाटतं, हे असं नसलं तर? मग एक टीप. मग त्या टिपेबद्दल शंका येते. ई-बुकात काय होतं, टिपेच्या आकड्यावर बोट लागलं की वाचक उडून पुस्तकाच्या शेवटी. आणि परतीची वाट नाही! नोएलीननं पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि थेट संदर्भसूचीत पोचली. म्हणाली, "एका दमात वाचून झालं की रे." शेवटी तिनं मला तीस टिपा ठेवायची परवानगी दिली. तीनशे शहात्तर शंका मी मनात परत घेतल्या. त्या अजून तिथेच आहेत.

पण कोष्टकाचं काय? तर एका मंगळवारी नोएलीनच म्हणाली, "चौकटी सोड. सरळ वाक्यं लिही. एका ओळीत एक महिना. जानेवारी, काही नाही. फेब्रुवारी, काही नाही. मार्च, बावीस."

अकराशे सोळा ओळी! पण तुम्हाला सांगतो, तोच एक उपाय होता. वाळू वाहू दे, प्रत्येक कणाजवळ त्याचं नाव असलं म्हणजे झालं. ती वहीतून वाचायची, मी लिहायचो. सहा मंगळवार लागले. चव्वेचाळीस साल आलं तेव्हा ती वाचत होती, जून, अकरा. जुलै, काही नाही. ऑगस्ट, काही नाही. सप्टेंबर, चार. ऑक्टोबर, काही नाही... आणि थांबली. वही पालथी ठेवली आणि चहा करायला उठली. परत आल्यावर म्हणाली, "आणि तो बाबा रोज जात होता बघायला." त्या जागी माझी एक टीप होती, ती मी काढून टाकली.

चढवलं. सरकलं नाही, फुटलं नाही, बाहेर गेलं नाही! मला वाटलं, संपलं. छे. आता पुस्तकाची ओळख लिहा म्हणे. चौकटीत फिकट अक्षरात सूचना, 'हे पुस्तक वाचकाचं आयुष्य कसं बदलेल ते सांगा.' मी लिहिलं, बदलणार नाही. पुढे, 'तुम्हीच हे पुस्तक लिहायला योग्य का?' लिहिलं, खात्री नाही, पण वह्या माझ्याकडे होत्या. मर्लनं मागून वाचलं. म्हणाली, "फार फुशारकी वाटत नाही ना?" आम्ही दोघांनी बसून 'वह्या माझ्याकडे होत्या' हे जरा सौम्य केलं. हिरवी पट्टी. आता थोडंच उरलंय. मुखपृष्ठ. पट्टी. अटी मान्य आहेत का? एकोणतीस पानांच्या अटी, मी सगळ्या वाचल्या, वाचणारा जगात मी एकटाच असेन, तिसऱ्या अटीत मला शंका होती, पण विचारायचं कुणाला? मान्य. आणि जूनच्या एका बुधवारी पुस्तक दुकानात लागलं.

आता ॲथल नेमका त्या आठवड्यात शहरात, मुलीकडे, डोळ्यात सुया टोचून घ्यायला. टॅब घरी. म्हटलं, हरकत नाही, आला की घेईल. आणि शुक्रवारी मी क्लबात गेलो.

आमचा क्लब म्हणजे हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायचे आणि नंतर आत बसून एकमेकांची अब्रू काढायची. ही आमच्याकडची रीत आहे. ज्याच्यावर राग असतो त्याच्याशी माणूस गोड बोलतो, "कसे आहात, बरं वाटतं ना," असं. मित्राला मात्र सोडत नाही. मला तिथे चाळीस वर्षं चिखल्या म्हणतात. तर मी जाऊन हळूच सांगितलं की पुस्तक आलंय. ऑसी टकरनं, तो आमचा बिनविरोध अध्यक्ष, ग्लास खाली ठेवला आणि जाहीर केलं की चिखल्यानं पुस्तक काढलंय, आपण त्याला हातभार लावला पाहिजे. आणि सगळ्यांनी खिशातून फोन काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पुस्तकाखाली सतरा अभिप्राय. सतराच्या सतरा, एकेक तारा. 'झोपेच्या गोळ्या बंद केल्या. आभारी आहे.' 'लेखकाला चाळीस वर्षं ओळखतो. एकदाही उपयोगी पडला नाही.' 'यापेक्षा पावसाचं माप वाचलेलं बरं.' 'पान तीनपर्यंत गेलो. शोधपथक पाठवा.' आणि ऑसीचा स्वतःचा, 'माती खाल्ली.' कुणीही पुस्तक उघडलेलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

मर्ल तर हसून हसून खुर्चीत बसली. म्हणाली, "सतरा जण! अरे, किती जीव आहे तुझ्यावर लोकांचा."

मला कळतं हो. मस्करी आहे, कळतं. पण मस्करीत माणूस खरं बोलतो ना? एकदाही उपयोगी पडला नाही, हे लिहिणाऱ्यानं अगदीच हवेतून आणलं असेल का? मी चाळीस वर्षांची उजळणी करत बसलो. दोनदा पडलो होतो उपयोगी, पण त्यातल्या एका वेळी त्याचं पीक गेलं.

आणि सोमवारी दुकानाचं पत्र. 'वाचकांच्या समाधानासाठी आपलं पुस्तक उतरवण्यात आलं आहे. सतरा वाचकांनी तीव्र नाराजी नोंदवली आहे. मजकुराचा दर्जा सुधारून पुन्हा सादर करावं.' त्याच सोमवारी दुपारी ॲथल घरी आला, टॅब घेतला, आणि फोन करून म्हणाला की तुझं पुस्तक दिसत नाही, का माझाच डोळा गेला? म्हटलं, नाही, पुस्तकच गेलंय, दुकानानं उतरवलं. "बरं," म्हणाला, "तिथे निदान एकाची तरी नजर शाबूत आहे." आणि मग वेगळ्याच आवाजात विचारलं की सुगीच्या आत येईल ना?

येईल म्हटलं. काय म्हणणार?

मी दुकानाला तीन पानांचं पत्र लिहिलं. आमच्या भागात निंदा हा जिव्हाळ्याचा प्रकार कसा, त्याची तीन उदाहरणं दिली, एक टीपही जोडली. चार सेकंदांत उत्तर! 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.' चार सेकंदांत! मर्लला एकोणपन्नास वर्षांत जमलेलं नाही. पुढे तेच, दर्जा सुधारा. मग मला वाटलं, दर्जाच नसेल तर? यंत्राला काय, त्याचा माझ्याशी लोभ ना वैर, त्याला जे दिसलं ते ते बोललं असेल. आणि मी, तुम्हाला खरं सांगतो, दर्जा सुधारायला बसलो. पहिला भाग पुन्हा लिहिला. मग दुसरा. जुलै गेला, ऑगस्ट गेला. गव्हाला ओंब्या आल्या. एकदा सुधारून चढवलं, तर 'वा! आता थोडंच उरलंय!' आणि दोन दिवसांनी नकार, कारण सतरा तारे जागच्या जागी.

शेवटी नोएलीननं मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. "पुस्तक ठीक आहे, गाढवा. लोकांना जाऊन सांग, अभिप्राय बदला. चांगलं लिहा म्हणावं."

चांगलं लिहा! ऑसी टकरला! मी शुक्रवारी क्लबात उभा राहिलो आणि बोललो. ॲथलचं सांगितलं, डोळ्यांचं, सुगीचं. सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. ऑसी म्हणाला, "म्हणजे नेमकं काय लिहायचं?" म्हटलं, काहीतरी बरं. तो घामाघूम झाला. म्हणाला, "चिखल्या, तुला मूत्रपिंड हवं असेल तर घे, हे नको सांगूस." पण लिहिलं हो. ॲथलसाठी लिहिलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, सतरा म्हातारे माना खाली घालून फोनवर, चर्चमध्ये बसल्यासारखे. 'लेखक सज्जन आहे.' 'आमच्या गावाला त्याचा अभिमान आहे.' 'त्याच्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही.' ऑसीनं तीन बियर पिऊन लिहिलं, 'त्यानं आपल्याला खूप दिलं.' आणि पाच-पाच तारे.

ऑक्टोबरच्या दहा तारखेला पुस्तक दुकानात परत लागलं. सुगीला पाच आठवडे होते. ॲथलच्या टॅबमध्ये त्याच दिवशी गेलं, लॉइसनं फोन करून कळवलं. म्हणाली, मान वाकडी करून बसलाय. दुसऱ्या दिवशी फोन नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या, पाचव्या... मी काय केलं असेल? काही नाही. फोनजवळ बसून आवडलं नसणार याची एकशे वीस कारणं काढली.

सहाव्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरचा आवाज. त्याला गाडी चालवायला बंदी आहे, डोळ्यांमुळे. ट्रॅक्टर म्हणजे गाडी नव्हे, असं त्याचं म्हणणं. पाच किलोमीटर, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ तेवढी बघत आला. उतरला. अंगात इस्त्रीचा सदरा. हातात मटणाचं झाकणबंद भांडं, बुडाला चिकटपट्टीवर लॉइसचं नाव. अहो, असं भांडं आमच्याकडे कुठे नेतात माहितेय का? जिथे माणूस जाणार असतो किंवा गेलेला असतो तिथे. नाव एवढ्यासाठी, की सगळं आटोपल्यावर भांडं परत मिळावं.

मर्लनं भांडं घेतलं, भांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. ॲथल बसला. टोपी काढली. माझ्या कानाकडे बघत होता. मग म्हणाला, "पुस्तक वाचलं. दोनदा."

मी खुर्ची पुढे ओढली.

"बाबांचा चव्वेचाळीस बरोबर आलाय. मला वाटलं नव्हतं, मी तो पुन्हा बघेन." टोपी फिरवली. "तू बरं काम केलंस, एल्विन."

मला 'एल्विन' म्हणाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "आम्ही कधी बोललो नाही. पण तू वाईट माणूस नाहीस. मर्लची काळजी करू नकोस, आम्ही आहोत."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यानं ते अभिप्राय वाचलेत! सज्जन आहे, पुन्हा होणे नाही, खूप दिलं... आमच्याकडे असं कुणाबद्दल लिहितात? ॲथलला वाटतंय मी मरतोय. आणि खुळ्यासारखा मी तिथे बसलेलो, डोळे भरून आलेत, आणि मनात म्हणतोय, कशाला सांगायचं? राहू दे की. पाच मिनिटं मरणाराच राहिलो तर कुणाचं काय जातंय? उलट चांगलं चाललंय. आयुष्यात इतकं चांगलं कधी चाललं नव्हतं.

तेवढ्यात तो उठता उठता म्हणाला, "अकरा चुका आहेत. पण ते आता राहू दे. तुला कशाला त्रास."

अकरा चुका.

तुम्हाला सांगतो, मी प्रयत्न केला. देवाशप्पथ केला. म्हटलं, जाऊ दे, अकराशे सोळातल्या अकरा, एक टक्कासुद्धा नाही. तो दारापर्यंत पोचला. टोपी घातली. कुठल्या अकरा? चव्वेचाळीसातली नाही, मग कुठली? छप्पनातली? नोएलीननं चुकीचं वाचलं की मी चुकीचं लिहिलं? आणि हा माणूस ते पोटात ठेवून जाणार, आणि मी पुढची दहा वर्षं...

"ॲथल," म्हटलं, "मी मरत नाहीये. कुठल्या अकरा?"

तो थांबला. "मरत नाहीस?"

"नाही."

"नक्की?"

"गेल्या आठवड्यात रक्त तपासलंय. कोलेस्टेरॉल सोडलं तर ठीक आहे." मग मी अभिप्रायांचं सगळं सांगितलं, ऑसीच्या तीन बियरसकट. त्यानं शांतपणे ऐकलं. मग स्वयंपाकघरात गेला, आणि भांडं घेऊन परत आला. मर्लनं गॅसवर ठेवलं होतं, कापडानं धरून आणलं. माझ्यासमोर बसला, गरम भांडं मांडीवर, टोपी डोक्यावर.

"पेन्सिल घे, चिखल्या," म्हणाला. "छप्पनचा ऑगस्ट. माझ्या बहिणीचं लग्न होतं, गाड्या आसापर्यंत रुतल्या होत्या, आणि तू लिहितोस चौदा पॉइंट? एकशे चाळीस. लिहिलंस? आता एकोणसत्तरचा मे..."

पाच वाजेपर्यंत बसला होता. आता परत सगळं उघडलंय, दुरुस्त करतोय, आणि सुगीच्या आत चढवायचंय. ती पट्टी आहेच. तिचं मी मनावर घेणं सोडलंय. मला एवढंच म्हणायचंय, मरत होतो तेव्हा अकरा चुका होत्या. जगलो तर त्रेचाळीस निघाल्या.